चवदार तळ्याचा दावा

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात ४०५ नंबरचा दावा दाखल झाला. पांडुरंग रघुनाथ धारप, नरहरी दामोदर वैद्य आणि महाडचे आणखी काही रहिवासी वादी होते. गावातल्या सगळ्या स्पृश्य हिंदूंच्या वतीने ते कोर्टात उभे होते. पहिले प्रतिवादी होते भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्यावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून दावा लावला होता. चवदार तळे आमचे आहे, त्याचे पाणी वापरण्याचा हक्क फक्त आमचा आहे, प्रतिवादींना तिथे जाता येणार नाही असे कोर्टाने जाहीर करावे आणि तशी कायमची मनाई करावी, एवढी मागणी होती. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, कोर्टाने तूर्त मनाई हुकूम दिला. दाव्याचा शेवटचा निकाल मुंबई हायकोर्टात लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. म्हणजे मनाई दोन दिवसांत मिळाली आणि न्यायाला सव्वानऊ वर्षे लागली.

महाडचा सत्याग्रह आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापासून सगळ्यांना ठाऊक आहे. ओंजळीत पाणी घेतलेले बाबासाहेब, मागे माणसांची रांग, हे चित्र डोळ्यांपुढे आहे. दाव्याचे कागद मात्र फार थोडे लोक वाचतात. मला ते फार मोलाचे वाटतात. कायदा समाजाकडे कसा बघतो, समाजाचे कोणते बोलणे त्याला ऐकू येते आणि कोणते येत नाही, हे या एका कज्जात जितके स्वच्छ दिसते तितके मोठमोठ्या ग्रंथांतही क्वचित दिसते. महाडला भरलेल्या परिषदेच्या मांडवात प्रश्न होता माणूस म्हणून जगण्याचा. तोच प्रश्न कोर्टात गेला आणि त्याचे रूप पालटले: ही वहिवाट किती जुनी आहे?

कोर्टाने असे का विचारावे, याचे उत्तर शंभर वर्षे मागे सापडते. पेशवाई बुडाली, दख्खन कंपनीच्या ताब्यात आली आणि मुंबई इलाख्याचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. जुनी घडी एकदम मोडू नये असे त्याचे धोरण होते. १८२७ साली त्याच्या कारकीर्दीत मुंबईचे रेग्युलेशन झाले. दिवाणी कोर्टाने कोणता कायदा लावायचा, त्याचा क्रम चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमात लावून दिला. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे. ते नसतील तिथे देशाची रूढी. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि शेवटी न्याय, समता व सद्सद्विवेक. याच सुमारास आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या हिंदू जातींचे कायदे आणि रूढी यांचा संग्रह तयार केला. पुण्याच्या शास्त्र्यांना विचारले, जातीजातींच्या प्रमुखांना विचारले, लग्न, दत्तक, वारसा, जातपंचायतीचा दंड असे सगळे टिपून घेतले. कायदा आणि समाज यांचा एकत्र अभ्यास महाराष्ट्रात पुष्कळ आधी सुरू झाला होता, तो असा.

त्या अभ्यासात कोणाला विचारले आणि कोणाला विचारले नाही, हेच पुढे निर्णायक ठरले. तुमची रूढी काय, असे सरकारने विचारल्यावर ज्याच्या हाती गाव तोच उत्तर देणार. त्याने दिलेले उत्तर कागदावर चढते आणि कोर्टात त्याला कायद्याचे वजन येते. काल जे लाठीच्या भीतीने पाळले जात होते ते आज हक्क म्हणून मागता येते. आणि असे हक्क कोर्टांनी दिले होते. मद्रास इलाख्यात कमुदीच्या देवळात नाडार समाजाने प्रवेश केला तेव्हा रामनादच्या राजाकडून दावा झाला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०८ साली नाडारांविरुद्ध निकाल लागला. देवळात कोणी जायचे नाही हे वहिवाटीवरून ठरवायला साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्यता दिली. महाडच्या वादींनी कोर्टाचा रस्ता का धरला ते यावरून कळते. तो रस्ता त्यांना ओळखीचा होता, आणि आजवर तो त्यांच्याच बाजूने वळत आला होता.

आता महाड. सावित्रीच्या काठचे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले हे बाजाराचे गाव. इलाख्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक इथली. हायकोर्टाच्या निकालात गावाची लोकसंख्या सात ते आठ हजार दिली आहे आणि त्यात अस्पृश्य चारशेच्याही आत. पण हा आकडा गावात राहणाऱ्यांचा. आजूबाजूच्या खेड्यांतून बाजाराला, कचेरीला, सरकारी कामाला येणारे महार आणि चांभार कितीतरी. त्यांना तहान लागली तर गावात पाण्याचा थेंब मिळायचा नाही; बाहेर आपल्या वस्तीपर्यंत चालत जावे लागे. चवदार तळे मात्र गावाच्या मध्यावर, चार-पाच एकरांचे, भोवती नगरपालिकेचे रस्ते आणि रस्त्यांपलीकडे स्पृश्यांची घरे.

या मुलखाला स्वाभिमानाची जुनी ओळ आहे, आणि ती सांगितल्याशिवाय १९२७ नीट समजत नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या वतीने लेखणी उचलली आणि शास्त्र्यापंडितांना प्रश्न विचारले. दासगाव आणि आसपासच्या गावांत पेन्शनर महार सैनिकांची घरे होती. त्या घरांत अक्षर होते, शिस्त होती आणि छावणीत माणूस म्हणून वागवले गेल्याची आठवण होती. या परिसरातून रामचंद्र बाबाजी मोरे पुढे आले. महाडला परिषद भरवायची आणि तिला आंबेडकरांना आणायचे, हा ध्यास त्यांचा. १९२७ च्या मार्चमध्ये मोरे चोविशीच्या आतबाहेर होते. इतिहासात त्यांचे नाव जितके मोठ्या अक्षरांत यायला हवे तितके येत नाही, याची मला खंत आहे.

कायद्याच्या बाजूने दार आधीच उघडलेले होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सरकारी पैशाने बांधलेली वा सांभाळलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टे, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत. सप्टेंबरात सरकारने खात्यांना त्याप्रमाणे वागायला सांगितले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक तिथे होते. ठराव झाला, कागद झाला, आणि तीन वर्षांत एकाही अस्पृश्याने त्या तळ्याचे पाणी भरले नाही.

ही तीन वर्षे मला फार बोलकी वाटतात. कायद्याने हो म्हटले होते. गाव नाही म्हणत होते, तेही तोंडाने नाही. पाणी भरायला जाणाऱ्याला आपले काय होईल हे माहीत होते, आणि तेवढे पुरत होते. युरोपात, ऑस्ट्रियन साम्राज्याच्या कडेला चेर्नोविट्झ नावाच्या शहरात ऑयगेन एर्लिश या प्राध्यापकाने १९१३ साली कायद्याच्या समाजशास्त्रावर ग्रंथ लिहिला होता. खरा कायदा कायद्याच्या पुस्तकांत आणि निकालांत शोधू नका, लोक रोजच्या व्यवहारात जे नियम पाळतात तो जिवंत कायदा पाहा, असे त्याचे सांगणे. ते मोठे सांगणे होते आणि त्याने एका शास्त्राचा पाया घातला. पण महाडच्या तळ्यावरचा जिवंत कायदा कोणता होता? माणसाला पाणी न देण्याचा. पुस्तकातला कायदा इथे जिवंत कायद्याहून कितीतरी माणुसकीचा होता. एर्लिशचा सिद्धान्त वाचताना महाड डोळ्यांपुढे ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

आंबेडकरांना ही गाठ कोणाही वकिलापेक्षा जास्त कळत होती, कारण ते वकिलीकडे समाजशास्त्राच्या वाटेने आले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नाने आणि पसरते ती अनुकरणाने, हे त्यांनी मांडले. अनुकरणाचा विचार त्यांनी घेतला गॅब्रिएल तार्दकडून. तार्द फ्रान्समधला समाजशास्त्रज्ञ, आणि पेशाने न्यायाधीश. वरचा जे करतो ते खालचा उचलतो, आणि उचलता उचलता ते सनातन वाटू लागते. रूढी म्हणजे काय याचे उत्तर ज्याने पंचविशीत शोधले होते, तोच अकरा वर्षांनी रूढीच्या दाव्यात प्रतिवादी झाला.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो माणसे आली. परिषदेला लागणारे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले, चाळीस रुपयांचे. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी सुचवले की ठराव पुरे, आता तळ्यावर जाऊन पाणी घेऊ या. मांडवातली माणसे चारचारांच्या रांगेत निघाली. आंबेडकरांनी पाणी घेतले, मागोमाग सगळ्यांनी घेतले. रांग शांतपणे परत फिरली. मग गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जेवायला बसलेल्या, घरी परतायला निघालेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. मांडवातले अन्न मातीत मिसळले. लष्करात राहिलेले कितीतरी लोक तिथे होते. त्यांना प्रतिकार करता येत नव्हता असे नाही. नेत्याने हात उचलू नका म्हणून सांगितले आणि त्यांनी ते ऐकले. त्या संयमाची किंमत आज घरात बसून करता येणार नाही. हल्लेखोरांपैकी पाच जणांना जूनमध्ये चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी झाली. १०८ घागरी पाणी उपसून टाकले, पंचगव्याने भरलेली मडकी तळ्यात बुडवली, मंत्र म्हटले आणि पाणी पुन्हा पिण्यालायक झाल्याचे जाहीर केले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

मग डिसेंबर. सत्याग्रह पुन्हा करायचा ठरला, आणि गावाने या वेळी लाठीबरोबर वकीलही उभा केला. मनाई हुकूम निघाला तेव्हा मुंबईहून माणसे निघण्याच्या तयारीत होती. ‘पद्मावती’ बोटीने ती दासगावच्या बंदराला उतरली आणि तिथून चालत महाडला आली. गावात कोणी जागा द्यायला तयार नव्हते. फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी ती दिली. २५ डिसेंबरला आंबेडकरांनी भाषणात १७८९ च्या व्हर्सायच्या फ्रेंच सभेचा दाखला दिला. पाण्यासाठी आपण इथे आलो नाही, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे प्रस्थापित करायला आलो आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले; ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

तळ्यावर जायचे की नाही? मांडवातल्या माणसांना जायचे होते. तुरुंगात जायला तयार असलेल्यांची यादी चार हजारांच्या घरात पोचली होती. जिल्हाधिकारी स्वतः परिषदेत येऊन बोलले आणि कोर्टाचा हुकूम मोडू नका असे सांगून गेले. या क्षणाबद्दल पुढे बरीच टीका झाली. मला तो निर्णय आंबेडकरांच्या आयुष्यातल्या अवघड निर्णयांपैकी वाटतो. ज्या कायद्याने आपल्याला रस्त्यावर चालण्याचा, शिकण्याचा, लाठी मारणाऱ्याला तुरुंगात धाडण्याचा आधार दिला, तो आपणच मोडायचा का? सरकारशी आणि गावाशी एकाच वेळी लढायचे तर चारशे घरांच्या खेड्यात चार महार घरांचे काय होईल? परिषदेने सत्याग्रह तहकूब केला. २७ तारखेला मिरवणूक तळ्याला वळसा घालून आली. पाण्याला कोणी हात लावला नाही.

तूर्त मनाई २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठली. दावा मात्र चालू राहिला, आणि तो चालू असताना महाडबाहेर जे घडत होते तेही नोंदले गेले. मुंबई सरकारने १९२८ साली ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्ग आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात सामाजिक बहिष्काराबद्दल जे लिहिले आहे ते कोणत्याही कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावे. हक्क बजावायला उभे राहिलेल्या माणसाला मारावे लागत नाही. त्याची शेतावरची मजुरी बंद होते, दुकानदार मीठमिरची देत नाही, वाटेने जाऊ देत नाहीत, कसायला दिलेली जमीन काढून घेतात. यातली बहुतेक कृत्ये तेव्हाच्या कायद्याने गुन्हा नव्हती. मजूर न ठेवणे, माल न विकणे याबद्दल कोणाला शिक्षा करणार? गावगाड्यात ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हाती, त्याच्या कागदावरच्या हक्काला हेच कुलूप होते. तीन वर्षे चवदार तळ्यावर कोणी का गेले नाही, त्याचे उत्तर या अहवालात आहे.

८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने निकाल दिला. तळे वादींच्या मालकीचे ठरले नाही. ते नगरपालिकेकडे निहित होते. अस्पृश्यांना वगळून पाणी वापरण्याची बऱ्याच काळची वहिवाट वादींनी शाबीत केली आहे, असे कोर्टाने मानले. पण एका वर्गाने वापर केला आणि दुसऱ्याने केला नाही एवढ्यावरून पहिल्याला दुसऱ्याला अडवण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही, असे ठरवले. या वाक्याचे मला फार अप्रूप आहे. तालुक्याच्या कोर्टात बसून कोणीतरी हे स्पष्ट लिहिले. सोसलेपण म्हणजे संमती नव्हे, हा विचार त्यात दडलेला आहे, जरी निकाल त्या शब्दांत बोलत नाही.

वादी ठाण्याला अपिलात गेले. ३० जानेवारी १९३३ रोजी तेही फेटाळले गेले. मग हायकोर्ट.

हायकोर्टात अपील चालले ते नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या नावाने, न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांच्यापुढे. ब्रूमफील्ड हे नाव वाचकांना आठवेल. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश तेच. बारडोलीच्या सत्याग्रहानंतर शेतसाऱ्याची चौकशी करणाऱ्या दोघांतले एकही तेच. गावागावांत फिरून, कागद आणि माणसे दोन्ही तपासण्याची सवय या माणसाला होती, आणि निकालात ती दिसते.

मालकीचा मुद्दा मागे पडून सगळा भार आता पूर्वापार रूढीवर आला होता. रूढीला कायद्याचे बळ हवे असेल तर ती निश्चित हवी, अखंड हवी, वाजवी हवी आणि स्मरणातीत हवी, हा नियम इंग्लंडचा. तिथे स्मरणाची सीमा ११८९ साल धरतात, पहिला रिचर्ड राज्यावर आला ते. महाडच्या तळ्याला तेवढे मागे नेण्याची गरज नव्हती, पण माणसांच्या आठवणीपलीकडची वहिवाट तरी दाखवायला हवी होती. ब्रूमफील्ड यांनी पुरावा तपासला. तळे कोणी बांधले, पुरावा नाही. केव्हाचे आहे, पुरावा नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ते होते आणि त्याला दुरुस्ती लागली होती, एवढेच कळते. पाणी पावसाचे आणि थोड्या झऱ्यांचे. बहुधा मुळातला नैसर्गिक खड्डा, पुढे बांधबंदिस्ती केलेला. गावाच्या फार जुन्या अस्तित्वाचीही नोंद नाही. अलीकडच्या काळात अस्पृश्य इथे पाणी भरत नव्हते हे खरे, पण तेवढ्यावरून हे अनादी काळापासून असेच आहे असे धरता येणार नाही.

मग देवळांचे निकाल आले. इथे ब्रूमफील्ड यांनी फरक केला. देऊळ कोणीतरी बांधलेले असते, कोणासाठी तरी अर्पण केलेले असते; तिथे दीर्घकाळची वहिवाट दिसली आणि इतरांनी ती सोसली असली तर ते वरच्या जातींसाठीच अर्पण झाले होते असे अनुमान निघू शकते, आणि आपणही त्या देवाचे भक्त आहोत हे सिद्ध करण्याचा भार अस्पृश्यांवर येऊ शकतो. पावसाने भरणाऱ्या तळ्याबाबत तसे अनुमान निघत नाही. वादींनी आपली रूढी शाबीत केलेली नाही. अपील खर्चासह फेटाळले.

निकालाच्या शेवटी न्यायमूर्तींनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली आहे. रूढी शाबीत झाली असती तर ती अवाजवी आहे का, सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता. तळे नगरपालिकेकडे निहित असल्याचा आणि नगरपालिका दाव्यात पक्षकारच नसल्याचा परिणाम तर नक्कीच तपासावा लागला असता. पण आता गरज नाही, म्हणून त्यांनी त्यावर मत दिले नाही.

अस्पृश्य जिंकले. जिंकले ते तळे पुरेसे जुने ठरले नाही म्हणून. देऊळ असते तर? शिलालेखासह पाचशे वर्षांची पायरीची विहीर असती तर? माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे वाजवी आहे का, हा प्रश्न तीन कोर्टे आणि सव्वानऊ वर्षे फिरूनही कोणाला विचारावाच लागला नाही. न्यायमूर्तींना मी दोष देत नाही. समोर जे मांडले तेवढ्यावर निकाल देणे ही त्यांच्या पेशाची शिस्त, आणि रूढी अवाजवी असल्याचा मुद्दा खालच्या कोर्टांत नीट मांडलाच गेला नव्हता. पण या निकालाला समतेचा जाहीरनामा म्हणून मिरवू नये. तो पुराव्याचा निकाल आहे. त्याचे खरे मोल वेगळे आहे: शतकभर ज्याला विचारावे लागत नव्हते त्या गावाला पहिल्यांदा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून आपली रूढी सिद्ध करून दाखव असे सांगितले गेले, आणि गाव ते करू शकले नाही. हे घडले ते प्रतिवादी मार्च १९२७ मध्ये तळ्यावर गेले म्हणून. ते गेले नसते तर वादींना कोर्टात यावेच लागले नसते.

निकाल आला तेव्हा आंबेडकर बरेच पुढे गेले होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालून थांबला होता. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते. निकालाच्या महिनाभर आधीच्या निवडणुकीत त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबई विधिमंडळात पोचला होता, आणि त्याच वर्षी ते कोकणातली खोती रद्द करण्याचे विधेयक घेऊन उभे राहिले. पाण्याचा हक्क जमिनीच्या हक्कावाचून टिकत नाही, हे स्टार्ट समितीत बसून त्यांनी पाहिलेच होते.

हायकोर्टाने जे प्रश्न बाजूला ठेवले त्यांची उत्तरे घटनेत आली. तेरावे कलम म्हणते की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा रद्द, आणि कायदा या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढी आणि परिपाठही धरला आहे. पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावे घेतली आहेत. राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः सांभाळलेली वा जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेली अशी ठिकाणे जातीवरून कोणाला नाकारता येणार नाहीत. बोल्यांच्या १९२३ च्या ठरावाची भाषा त्यात ओळखू येते. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते ते सांगायला नकोच.

त्या कलमाची अंमलबजावणी करणारा कायदा १९५५ साली झाला. विधेयक राज्यसभेत आले तेव्हा, सप्टेंबर १९५४ मध्ये, आंबेडकर सदस्य म्हणून त्यावर बोलले आणि त्याच्या नावालाच त्यांनी हरकत घेतली. याला अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा म्हणू नका, नागरी हक्कांच्या संरक्षणाचा म्हणा, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा ते मानले गेले नाही. १९७६ साली दुरुस्ती झाली आणि कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. त्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे या कायद्याच्या विरुद्ध जाणारा दावा कोणत्याही दिवाणी कोर्टाला दाखल करून घेता येत नाही, आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणावर बंधन घालणारी कोणतीही रूढी कोर्टाला मानता येत नाही, ती कितीही जुनी असो. त्याआधीचे बारावे कलम पुराव्याच्या भाराचे आहे: या कायद्याखालचे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे कोर्ट गृहीत धरील, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याने ते केले त्याच्यावर राहील.